घड्याळाच्या किल्लीतलं रबर: बदलून घ्यावं की मूळ किल्ली जपावी?

ऋजुता_द
नमस्कार मंडळी. घड्याळांवरचे इथले जुने धागे चाळले, पण नेमकं उत्तर सापडलं नाही, म्हणून हा नवा धागा काढतेय.

बाबांचं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ आता मी वापरते. ऐंशीच्या दशकातलं, भारीपैकी कंपनीचं, तबकडीवर १०० मीटर (पाणी सोसायची खोली) छापलेलं. किल्ली (चावी द्यायचं, वेळ लावायचं बाजूचं बटण) आट्यांची, म्हणजे फिरवून घट्ट बसणारी. मध्यंतरी हात धुतल्यावर तीनच्या आकड्याजवळ काचेला आतून बाष्प धरलं आणि तासाभरानं गेलं. सर्व्हिस सेंटरनं लेखी दिलंय की किल्ली, ती ज्या नळीवर बसते ती ट्यूब आणि सगळी गॅस्केटं (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलावी लागतील. घड्याळं जमवणारे माझे एक मामा मात्र म्हणतात, "मूळ किल्लीला हात लावू देऊ नकोस."

मला घड्याळ विकायचं नाही, रोज वापरायचंय. पण बाबांच्या बोटांनी गुळगुळीत झालेली ती किल्ली टाकून द्यायला मन धजत नाही. एवढ्याशा रबराच्या कडीवर खरंच इतकं अवलंबून असतं का? नुसती कडी बदलून भागणार नाही का?

किल्लीवाला
ऋजुताताई, आधी ते घड्याळ पाण्यापासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर उघडून बघायला द्या. बाष्प दिसेनासं झालं म्हणजे पाणी गेलं असं नसतं. काच गरम झाली, थेंब हवेत विरले, पण ती हवा अजून आतच आहे. बाष्प तीनपाशी धरलं यावरून वाट बहुतेक किल्लीची. त्या वाटेनं आलेलं पाणी सर्वात आधी गाठतं ते स्टेमला, म्हणजे किल्लीच्या दांडीला, आणि वेळ लावायच्या यंत्रणेतल्या बारीक तरफांना नि स्प्रिंगांना. सगळं पोलाद. गंज तिथून सुरू होतो, आणि तबकडीखाली असल्यामुळे दिसत नाही. काटे लावताना किल्ली खरखरायला लागते तेव्हा कळतं.

आता तुमचा प्रश्न. केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या खोळीत, पाणी शिरायला मुख्य दारं तीन: काच, मागचं झाकण आणि किल्ली. पहिली दोन एकदा बंद केली की पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत हलत नाहीत. किल्लीचं दार सतत वापरात. चावी देताना स्टेम फिरतो, तारीख बदलताना मागेपुढे सरकतो, आणि दर वेळी रबर धातूवर घासतं. म्हणून तेच आधी थकतं.

रचना साधारण अशी असते. केसच्या भोकात एक बारीक नळी बसवलेली असते, कुठे दाबून, कुठे आट्यांनी. तिच्यातून स्टेम आत जातो. किल्ली आतून पोकळ असते आणि नळीवर चढते. साध्या किल्लीत पोकळीतली रबरी रिंग नळीच्या बाहेरच्या अंगाला घट्ट लागून असते, बस्स, एवढाच अडसर. आट्यांच्या किल्लीत शेवटचा पीळ दिला की किल्लीच्या तळाचं गॅस्केट नळीच्या तोंडावर दाबलं जातं. म्हणजे आटे स्वतः पाणी अडवत नाहीत. आटे फक्त रबर दाबून धरतात, पाणी अडवतं ते रबरच.

नवी रिंग भिंगाखाली धरली की तिचा छेद गोल दिसतो. चिमट्यानं दाबून सोडली की लगेच पूर्ववत होते. वर्षानुवर्षं दाबून बसलेली रिंग एका अंगानं सपाट झालेली असते, आणि तो सपाट भाग चकाकतो. जरा ताणली की बारीक आडव्या भेगा उघडतात. त्याहून जुनी असली तर काढतानाच तुकडे पडतात, नाहीतर नळीच्या आतल्या अंगाला काळा चिकट राप तेवढा मिळतो. पण बाहेरून तुम्हाला काही कळत नाही. किल्ली घट्ट बसते, हाताला सगळं ठीक वाटतं. फक्त परत फुगून धातूला बिलगायची रबराची ताकद गेलेली असते.

निवांत_वाचक
वाखु (वाचनखूण) साठवली. पण एक शंका. १०० मीटरचं घड्याळ नळाखाली कसं गळलं? नळाला कुठे एवढा दाब असतो?

खोलपाणी
निवांत, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर जरा उलटं वाटेल. थकलेल्या किल्लीला कमी दाबच जास्त अवघड जातो.

हिशोब करून बघ. ६ मिलिमीटर व्यासाची किल्ली धर. १०० मीटर खोलीवर पाण्याचा दाब साधारण १० बार (एक बार साधारण हवेच्या दाबाइतका), म्हणजे त्या एवढ्याशा किल्लीवर जवळजवळ ३ किलो वजनाइतका जोर बाहेरून आत पडतो. पाणीच किल्ली दाबून धरतं. शिवाय ओ-रिंगचा (गोल छेदाच्या रबरी कडीचा) गुणच असा की दाब वाढला की ती फटीच्या बाजूला रेटली जाते आणि आणखी घट्ट बसते. नळाखाली यातलं काहीच नसतं. तिथे रिंग निव्वळ स्वतःच्या लवचिकपणावर उभी असते, आणि तोच संपलेला असेल तर पाणी आरामात आत जातं.

दुसरं म्हणजे तबकडीवरचा आकडा घड्याळ नवं असतानाचा. आयएसओ ६४२५ हे पाणबुड्यांच्या (डायव्हर्सच्या) घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात प्रत्येक घड्याळ छापलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं. किल्लीची वेगळी परीक्षा असते: तिच्यावर आडवा ५ न्यूटनचा जोर देऊन दहा मिनिटं. आयएसओ २२८१० हे रोजच्या घड्याळांचं, त्यात नमुन्यादाखल काही घड्याळं तपासली तरी चालतात. दोन्हींत पुढच्या तीस वर्षांची हमी कुठेही नाही.

अभय_रा
आकडा फसवा असतो हे मान्य, पण कारण वेगळं आहे. पोहताना हात जोरात पाण्यावर आपटतो, तेव्हा दाब कित्येक पटींनी वाढतो. म्हणून ३० मीटरचं घड्याळ घालून पोहता येत नाही. हे मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

खोलपाणी
अभय, हे सगळीकडे छापलेलं असतं, पण आकडेमोडीत टिकत नाही. वाहत्या पाण्याचा जादा दाब म्हणजे घनतेच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. हात सेकंदाला ३ मीटर वेगानं मारलास तर जादा दाब ०.०४५ बार. म्हणजे घड्याळ अर्ध्या मीटरहूनही कमी खोल नेल्यासारखं. सेकंदाला १० मीटर वेग धरला, जो पाण्यात हाताला गाठताच येणार नाही, तरी अर्धा बार. म्हणजे पाच मीटर.

अभय_रा
मग खुद्द कंपन्याच ३ बारच्या घड्याळाला "फक्त शिंतोडे चालतील" असं का लिहितात?

खोलपाणी
कारण ३ बारच्या उंची घड्याळाची किल्ली बहुधा साधी, ओढून काढायची असते. आत एखादीच रिंग, आणि घड्याळ बारीक दिसावं म्हणून तीही बारीक. नवी असताना पुरेशी. पण पाण्यात किल्लीला कशाचा तरी आडवा धक्का लागला, ती चुकून अर्धी ओढलेली राहिली, रिंग चार-पाच वर्षांची झाली, यांतलं एकही झालं की हाताशी शिल्लक काही राहत नाही. कंपनी त्या दिवसाचा विचार करून लिहिते, आणि मला ते पटतं. चूक कारणात आहे, सल्ल्यात नाही.

सानिका
मला कुणीतरी सांगितलं होतं की थंड पाण्यापेक्षा गरम शॉवर जास्त वाईट. यात तथ्य आहे का? मी घड्याळ घालूनच आंघोळ करते.

लंबक
सानिका, पूर्ण तथ्य आहे. हात मारण्याच्या दाबापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं. केस बंद आहे, आतली हवा तेवढीच. ती ४५ अंशांवरून १५ अंशांवर आली की आतला दाब सुमारे ९ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे बाहेरचं पाणी जवळपास एक मीटर खोलीच्या दाबानं आत ओढलं जातं, घड्याळ कुठेही बुडवलेलं नसताना. वरच्या हिशोबातल्या हाताच्या फटक्याच्या दुप्पट! सॉनातून बाहेर येऊन थेट थंड पाण्यात उडी मारणाऱ्यांच्या घड्याळांचं काय होत असेल बघ.

त्यात साबण. साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, आणि ज्या फटीत साधं पाणी अडकलं असतं तिथून साबणाचं पाणी झिरपतं. वर साबणाचा थर किल्लीच्या कडेला वाळून बसतो तो वेगळाच.

सानिका
बाप रे. उद्यापासून घड्याळ बाहेर.

जुनंसोनं
किल्लीवाले, तुमचं यंत्रशास्त्र मान्य, तरी मी ऋजुताच्या मामांच्या बाजूनं बोलणार.

जुन्या घड्याळात मूळ किल्ली हा त्याच्या ओळखीचा भाग असतो. पन्नाशीच्या दशकातल्या रोलेक्स सबमरिनरची "ब्रेव्हे" (फ्रेंचमध्ये पेटंट) कोरलेली मोठी किल्ली बघा. तिचे दाते, तिची जाडी, खूण कोरण्याची पद्धत, सगळं त्या काळाचं. सर्व्हिसमध्ये ती काढून आजची किल्ली बसवली की घड्याळ चालतं, पाणीही अडतं, पण बाजूनं बघितलं की नजर तिथेच अडखळते. आणि काढलेली किल्ली बहुतेकदा मालकाला परत मिळत नाही. एकदा गेली की गेली.

जुन्या घड्याळाला पाण्यात न्यायची गरजच काय? हात धुताना काढून ठेवा. माझ्याकडची जुनी घड्याळं मी कोरडीच वापरतो, आणि ती उत्तम चालतात.

किल्लीवाला
जुनंसोनं, तुमच्यासारखं सांभाळणारा असेल तर माझी तक्रार नाही. पण ताईंनी लिहिलंय, रोज वापरायचंय. रोज वापरणाऱ्याला घाम येतो, पाऊस लागतो. घाम म्हणजे खारं पाणी, आणि तो थेट किल्लीच्या बुडाशी साचतो, कारण मनगटाला टेकलेली बाजू तीच. घड्याळ कोरडं ठेवेन म्हणून रबर न बदलणं मला पटत नाही. यंत्र गंजलं की मूळपणा कशाचा सांभाळायचा?

वायसर
अवांतर: किल्लीचा इतिहास फार रंजक आहे म्हणून लिहितो.

मनगटी घड्याळांच्या सुरुवातीच्या काळात किल्लीच्या भोकातून धूळ आणि दमटपणा सरळ आत जायचा. १९२५ मध्ये पेर्रेगो आणि पेरे या दोघा स्विस कारागिरांनी आट्यांच्या किल्लीचं पेटंट घेतलं. ते रोलेक्सचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फनं विकत घेतलं, आणि १९२६ मध्ये रोलेक्सची ऑयस्टर केस आली. मूळ आराखड्यात एक अडचण होती. किल्ली आणि स्टेम कायम जोडलेले. त्यामुळे किल्ली आवळताना स्टेमही फिरायचा आणि चावी बसत जायची. चावी पूर्ण भरलेली असेल तर किल्ली आवळणार कशी? मग मध्ये क्लच आला: आवळताना किल्ली एकटी फिरते, मोकळी केली की स्टेमला धरते. आजही आट्यांच्या किल्ल्यांत हेच तत्त्व आहे.

१९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही तरुणी मनगटावर ऑयस्टर बांधून इंग्लिश खाडी पोहून गेली आणि घड्याळ चालूच राहिलं!

लंबक
वायसर, बाकी सगळं बरोबर, शेवटचं जरा दुरुस्त करतो. ग्लाइट्झ खाडी पोहून गेली ती ७ ऑक्टोबर १९२७ ला, तेव्हा तिच्याकडे हे घड्याळ नव्हतं. त्यावर शंका घेतली गेली म्हणून २१ ऑक्टोबरला ती पुन्हा उतरली. त्या वेळी ऑयस्टर होतं, पण मनगटावर नाही, गळ्यात. आणि पाणी इतकं थंड होतं की ते पोहणं पुरं झालं नाही. घड्याळ मात्र तासन् तास पाण्यात राहून चालू होतं, हे खरं. २४ नोव्हेंबरला विल्सडॉर्फनं 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर जाहिरात दिली. मला तर ही खरी हकीकत जास्त आवडते. ती बाई दुसऱ्यांदा त्या पाण्यात उतरली यातच सगळं आलं.

वायसर
धन्यवाद लंबक, हे माहीत नव्हतं.

प्राची_ल
मग बाकीच्या कंपन्यांनी काय केलं? पेटंट रोलेक्सकडे असताना?

लंबक
इथेच खरी मजा आहे, प्राची. प्रत्येकानं आपापली वाट काढली.

ओमेगानं १९३२ मध्ये 'मरीन' काढलं. त्यात घड्याळाची पूर्ण केस दुसऱ्या केसमध्ये सरकवून बंद करायची, म्हणजे किल्लीसुद्धा आत! १९३६ मध्ये ते जिनिव्हा सरोवरात ७३ मीटर खोल नेऊन तपासलं. १९४८ च्या सीमास्टरमध्ये रबरी ओ-रिंग आली. त्याआधी शिसं किंवा लाख वापरायचे, आणि तापमान बदललं की ती दगा द्यायची.

ब्लँकपँचं 'फिफ्टी फॅदम्स', १९५३. कंपनीचे प्रमुख झाँ-जाक फिश्टर स्वतः पाण्याखाली जाणारे. त्यांनी आट्यांऐवजी दुहेरी रिंगांची किल्ली केली. एक रिंग बाहेरच्या बाजूला, एक आत. पाण्याखाली चुकून किल्ली ओढली गेली तरी आतली रिंग पाणी अडवते. माझ्या मते विचार म्हणून हा आट्यांपेक्षाही सुंदर आहे, कारण त्यात माणूस चुकणार हे आधीच धरलंय.

पानेराईनं आटे टाळून किल्लीवर धातूचा पूल आणि तरफ बसवली. तरफ मिटली की किल्ली केसवर दाबली जाते. पानेराईची ती घड्याळं हातानं चावी द्यायची. रोज आटे सोडायचे-आवळायचे म्हटलं की झीज आलीच, तरफेला तो त्रास नाही. आणि कार्तिएच्या 'पाशा'त किल्लीवर आट्यांचं वेगळं टोपण, हरवू नये म्हणून छोट्या साखळीनं केसला जोडलेलं. सजावट वाटते, पण मुळात ती पाणी अडवायची युक्ती आहे.

खोलपाणी
लंबक, त्यात ओमेगाच्या 'नायाड' किल्लीची भर घालतो, कारण ती या धाग्याच्या मूळ विषयावर येते. साठच्या दशकातल्या सीमास्टरांत होती. आटे नाहीत. पाण्याचा दाब वाढेल तशी आणखी घट्ट बसेल अशी रचना. खोलात उत्तम. पण जुनी घड्याळं वापरणाऱ्यांची तक्रार काय? उथळ पाण्यात दगा देते. वर निवांतला दिलेलं उत्तर इथे प्रत्यक्षात दिसतं.

अभय_रा
धागा बेसिनपाशी सुरू झाला, बघता बघता समुद्रात पोचला. आता मारियाना गर्ता तेवढी राहिली.

खोलपाणी
तीही झालीये, अभय. २३ जानेवारी १९६० ला 'त्रिएस्त' पाणबुडी गर्तेच्या तळाशी गेली तेव्हा बाहेरच्या अंगाला रोलेक्सचं खास घड्याळ लावलेलं होतं, आणि ते चालू स्थितीत वर आलं. :)

प्राची_ल
तीन ठिपक्यांच्या किल्लीबद्दल कुणी सांगेल का? रोलेक्सच्या किल्लीवर मुकुटाच्या खुणेखाली असतात ते.

वायसर
ती ट्रिपलॉक, १९७० पासून. पाणी अडवायचे तीन टप्पे. त्याआधीची १९५३ ची ट्विनलॉक, दोन टप्प्यांची. खोल पाण्याच्या घड्याळांना ट्रिपलॉक, बाकीच्या बऱ्याच घड्याळांना ट्विनलॉक. ठिपक्यांमुळे बाहेरूनच कळतं आत काय आहे.

मयुरेश
रबर रबर म्हणताय, ते नेमकं कोणतं? आणि घरी थोडी पेट्रोलियम जेली लावली तर चालेल का? किल्लीचे आटे कोरडे वाटतात.

किल्लीवाला
मयुरेश, जेली नको. आधी रबराचं सांगतो म्हणजे कारण कळेल.

सर्वात जास्त वापरात नायट्राइल. स्वस्त, लवचिक, तेलाला दाद न देणारं. पण हवेतला ओझोन, ऊन आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन त्याला कडक करत नेतात. महाग घड्याळांत आणि खोल पाण्याच्या घड्याळांत फ्लोरोइलॅस्टोमर, ज्याला सगळे व्हायटॉन म्हणतात. उष्णता आणि रसायनं जास्त सोसतं, पाण्याची वाफही कमी आत सोडतं. ईपीडीएम पाण्याला आणि वाफेला चांगलं, पण पेट्रोलियमच्या ग्रीसनं फुगतं. सिलिकॉन रबर फार मऊ, पण वाफ सहज आरपार जाऊ देतं, म्हणून घड्याळाच्या सीलसाठी कमीच वापरतात. आणि सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं तर तीही फुगते.

तुमच्या किल्लीत यांतलं कोणतं आहे हे बाहेरून कळत नाही. नायट्राइल असेल तर जेलीनं लगेच काही होणार नाही, ईपीडीएम असेल तर रिंग फुगून जाम होईल. त्यात जेली उबेनं पातळ होते, नळीत ओघळते, धूळ धरते. धूळ आणि ग्रीस मिळून आट्यांना पॉलिश पेपरच लागतो.

कारखान्यात आणि चांगल्या कारागिराकडे सिलिकॉन ग्रीस वापरतात, तेही इतकं कमी की रिंग फक्त ओलसर चमकावी. दोन स्पंजांच्या मध्ये रिंग ठेवून हलकं दाबायचं, बस्स. जास्तीचं ग्रीस पाणी जास्त अडवत नाही. ते स्टेमवरून आत सरकतं आणि नको तिथे जातं. आणि बसवताना रिंगवर एखादा केस किंवा सुताचा तंतू राहिला की सगळं काम वाया. तो तंतू रबर आणि धातूच्या मध्ये पाण्याला वाट करून देतो. म्हणून बसवण्याआधी भिंगाखाली पूर्ण गोल फिरवून बघायची.

मयुरेश
समजलं. मग आटे कोरडे वाटतात त्याचं काय करू?

किल्लीवाला
घरी करण्यासारखं एवढंच. समुद्रात किंवा तलावात जाऊन आलात की किल्ली बंद ठेवूनच घड्याळ गोड्या पाण्यानं धुवा. मिठाचे खडे आट्यांत राहिले तर पुढच्या वेळी घासतात. किल्ली आवळताना आधी उलट्या दिशेनं सावकाश फिरवा. आटे जागेवर आले की बारीक "टक" जाणवतं. मग सरळ दिशेनं आवळा. बोटांच्या टोकांनी थांबेपर्यंत, पुढे जोर नाही. जोर लावला की रबर लवकर सपाट होतं आणि आट्यावर आटा चढायची भीती. ऑटोमॅटिक असेल आणि रोज हातावर असेल तर किल्ली उगाच उघडूही नका.

ऋजुता_द
किती माहिती दिलीत सगळ्यांनी! आता माझ्या प्रश्नाकडे. नुसती रिंग बदलून, बाबांची किल्ली ठेवता येईल की नाही?

किल्लीवाला
ताई, किल्लीची बनावट बघून ठरेल. काही किल्ल्यांत आतली रिंग मोकळी असते, सुईनं निघते, नवी बसते. बऱ्याच किल्ल्यांत ती धातूच्या वायसरखाली दाबून पक्की केलेली असते. ती काढायची म्हणजे वायसर कोरून काढायचा, रिंग बदलायची, नवा वायसर दाबून बसवायचा. सरावाच्या हाताला जमतं, पण कंपन्या हे करत नाहीत, अख्खी किल्ली बदलतात. त्यांना नव्या घड्याळाइतकी खात्री द्यायची असते.

आणि आटे बघा. किल्लीचे आटे झिजले असतील तर नवी रिंग घालूनही ती नीट दाबली जाणार नाही. ट्यूबचे झिजले असतील तर ट्यूब बदलावीच लागते, आणि नव्या ट्यूबवर झिजलेली किल्ली चढवली की ती नव्या ट्यूबलाही खाते. म्हणून शक्यतो जोडीनं बदलतात.

जुनंसोनं
ऋजुता, मी माझं म्हणणं थोडं आवरतं घेतो. तुझं घड्याळ संग्रहातलं नाही, हातातलं आहे, आणि आत पाणी गेलेलं आहे. किल्लीवाले सांगतात तसं आधी उघडून बघू दे. फक्त काम सुरू व्हायच्या आधी लेखी घे की काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल, किल्ली, ट्यूब, स्टेम, सगळं. एक सेंटर नाही म्हणालं तर दुसरीकडे विचार, अनुभवी स्वतंत्र कारागीरही चालेल. आणि पॉलिश करू देऊ नकोस. केस घासली की किल्लीशेजारच्या कडा गोल होतात, त्या परत येत नाहीत.

तासकाटा
+१. माझ्या घड्याळाचे भाग काम झाल्यावर मागितले तर "पद्धत नाही" असं उत्तर मिळालं होतं. आधी लिहून घेणं महत्त्वाचं.

एक प्रश्न मात्र राहतो. बाष्प म्हणजे गळतीच असं नक्की म्हणता येतं का? माझ्या घड्याळात सर्व्हिसिंगनंतर थंड जागी गेल्यावर हलकं धुकं दिसलं, चाचणीत मात्र गळती नाही.

लंबक
तासकाटा, तेही होतं. दमट खोलीत झाकण बंद केलं की ती दमट हवाच आत कोंडली जाते. पाण्याचा एक थेंबही आत न शिरता थंडीत धुकं दिसू शकतं. शिवाय रबर वाफेला पूर्ण अडवत नाहीच, वर्षानुवर्षं थोडी थोडी आत जाते. ते तपासायची सोपी पद्धत मानकातही आहे: घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करायचं, काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभरानं पुसून आतून बाष्प धरलंय का बघायचं. ऋजुताचं प्रकरण वेगळं. हात धुतल्यावर लगेच आणि नेमकं तीनपाशी.

ऋजुता_द
मंडळी, घड्याळ उघडून झालं. भाग परत मिळण्याचं आधी लिहून घेतलं होतं (जुनंसोनं, आभार). स्टेमच्या टोकाला गंज धरलेला होता, तारीख बदलायच्या तरफेवर नुकता सुरू झालेला. किल्लीतलं रबर निघताना तुटलं. किल्लीचे आटे एका बाजूनं साफ झिजलेत, ट्यूबचेही. कारागिरानं भिंगातून मला स्वतःला बघायला दिलं, त्यामुळे मनात शंका उरली नाही. किल्ली, ट्यूब, स्टेम, सगळी गॅस्केटं नवी घालायला सांगितली. जुनी किल्ली माझ्याकडे येईल. मामांनाही फोटो पाठवले, ते म्हणाले, "मग बरोबर केलंस."

आता घड्याळ हातात येण्याआधी चाचणीबद्दल काय विचारू?

किल्लीवाला
छान झालं, तरफ वाचली म्हणजे वेळेत गेलात.

चाचणी दोन प्रकारची. कोरडी: घड्याळ हवाबंद कप्प्यात ठेवून हवेचा दाब बदलतात आणि केस किती मायक्रॉन दबते ते यंत्र मोजतं. दबून तशीच राहिली तर ठीक. हळूहळू पूर्ववत होऊ लागली तर हवा आत जातेय. ओली: घड्याळ पाण्याच्या वर धरून हवेचा दाब चढवायचा, मग पाण्यात सोडून दाब उतरवायचा. गळती असेल तर आत शिरलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि जागाही दाखवते. आधी कोरडी करायला सांगा, त्यात घड्याळाला धोका नाही.

नुसती १० बारला पास झालं यावर थांबू नका. कमी दाबाची आणि उणे दाबाची चाचणीही मागा. वर खोलपाणींनी सांगितलं तेच कारण, किल्लीची कमजोरी तिथे उघडी पडते. उणे दाबाला किल्ली बाहेर ओढली जाते आणि रबर स्वतःच्या बळावर काय करतंय ते दिसतं.

सानिका
आणि पुन्हा कधी तपासायचं?

किल्लीवाला
पाण्याशी नेहमी संबंध येत असेल तर वर्षातून एकदा, नाहीतर दोन वर्षांतून एकदा. झाकण कोणत्याही कारणानं उघडलं की त्याच दिवशी. ताई, रिपोर्टवर दाब, वेळ आणि केस किती दबली हे तिन्ही आकडे लिहून घ्या. पुढच्या वर्षीच्या चाचणीशी ताडून बघता येतील.